सिगारची नाडी

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, यवतमाळ जिल्ह्यातील एका कापूस खरेदी केंद्रामागच्या दोन खोल्यांत, कापसाच्या पडत्या काळात, तेवीस परदेशी सिगार एका देवदारी पेटीत सुखाने नांदत होते. रोज सकाळी साडेसहा वाजता त्यांची प्रकृती तपासली जात असे. आणि आठ वर्षांत त्यांतला एकही कोणी ओढला नाही. या घटनेची नोंद कुठल्याच दप्तरात झाली नाही. म्हणून ती मी इथं करतो आहे. कृपया खोकू नये.

गावाचं नाव सांगणार नाही. दारव्ह्याहून आर्णीकडे जाताना लागतं, एवढं पुरे. तिथं माझी सासुरवाडी आहे आणि मला अजून दिवाळीला जायचं असतं.

मी त्या केंद्रावर काटाबाबू होतो. बैलबंड्या आणि ट्रॅक्टर काट्यावर चढवायचे, वजन लिहायचं, संध्याकाळी डोक्यावरची रुई झटकून घरी जायचं, हे माझं काम. ज्यांच्या घरी हे सिगार नांदत होते ते आमचे साहेब, केंद्राचे ग्रेडर. म्हणजे माझ्या काट्यापर्यंत कोण पोचणार हे ते ठरवायचे. बंडी समोर आली की ते बाही खांद्यापर्यंत सारायचे, कापसात कोपरापर्यंत हात घालायचे, तळातून मूठभर कापूस काढायचे आणि अंगठ्यानं दाबायचे. मग डोळे मिटायचे. आख्खी रांग श्वास धरून उभी. कापूस कोरडा असला तर ते नुसती मान हलवायचे आणि बंडी माझ्याकडे यायची. ओला निघाला तर डोळे न उघडता, दूर बसस्टँडवर ऐकू जाईल अशा आवाजात एकच शब्द टाकायचे: "वापस!"

उंच, काटकुळे, आणि भुवयांमध्ये बारा महिने कापूस. हंगामात तो सगळ्यांच्याच भुवयांत असायचा, पण यांच्या मे महिन्यातही असायचा. जणू तो बाहेरून येऊन चिकटत नव्हता, आतूनच उगवत होता.

आणि तो अंगठा! उजव्या हाताचा. लोक नवी सायकल जपत नाहीत तसा त्यांनी तो जपला होता. त्या अंगठ्याला साबण वर्ज्य. हात धुवायचे ते बेसनानं. गरम चहाचा कप डाव्या हातात. लग्नाच्या पंगतीत हा माणूस वरणभात चमच्यानं खायचा आणि वाढपी खिदळायचे. हस्तांदोलन कधीही नाही, पुढाऱ्यांनाही नमस्कार. हंगाम नसला की अंगठ्यावर मलमलीची छोटी टोपी चढायची, त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी शिवलेली, तिला नाडीसुद्धा होती. तालुक्याच्या कुठल्याशा कागदावर एकदा कारकून म्हणाला, "सही नसन जमत तं अंगठा द्या." साहेब इतके भडकले की तिथल्या तिथं मोडी, बाळबोध आणि इंग्रजी अशा तीन सह्या करून आले.

आता ते सिगार आले कुठून, ते सांगतो.

शेजारच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, नवं यंत्र बसवायला एक परदेशी इंजिनीअर आला होता. कुठल्या देशाचा, ते शेवटपर्यंत कोणालाच नीट कळलं नाही. काकू त्याला 'तांबडा पाव्हणा' म्हणत. आला एप्रिलात, आणि आठव्या दिवशी ऊन लागून आडवा झाला. साहेबांनी त्याला आपल्या घरी आणला. काकूंनी महिनाभर त्याला ताक, ज्वारीच्या कण्या आणि कैरीचं पन्हं यांवर जगवला. काकू वऱ्हाडीत रागवायच्या, तो आपल्या भाषेत माफी मागायचा, आणि दोघांचं छान जमायचं. जाताना त्यानं साहेबांच्या हातात ती पेटी ठेवली. आत पंचवीस सिगार आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक पितळी तबकडी; पेटीतल्या हवेत ओल किती टक्के, ते तिचा काटा दाखवायचा. दुभाषा मी. माझं इंग्रजी वजनकाट्यापुरतं. पण एवढं समजलं की पेटीत ओल सत्तर टक्के हवी. कमी झाली की सिगार मरतो. जास्त झाली की सडतो. सत्तरावर असला की तो जिवंत.

"जित्ता असते म्हणते का तो?" साहेबांनी मला पुन्हा विचारलं.

"हो, तसंच म्हणाला."

त्यांनी पेटी अशी छातीशी धरली की जणू आत कुणी झोपलं आहे.

पंचवीसपैकी एक पाव्हण्यानं निरोपाच्या दिवशी स्वतःच ओढला. एक केंद्राच्या मॅनेजरांनी मागून नेला आणि अर्धा ओढून दिवसभर वेलदोडे चघळले. उरले तेवीस. साहेब स्वतः सुपारीसुद्धा खात नसत.

सकाळची तपासणी मी पहिल्यांदा पाहिली ती चुकून, केंद्राच्या किल्ल्या मागायला गेलो होतो तेव्हा. खिडकीतून कोवळं ऊन आलेलं. भिंतीपलीकडच्या जिनिंगमधून रुईचे तंतू उडून यायचे, ते त्या उन्हात तरंगत होते. खाली पडत नव्हते, वर जात नव्हते. साहेब पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसलेले. पेटीचं झाकण उघडलेलं, पण तबकडीवर रुमाल. देवदाराचा, तंबाखूचा आणि ओल्या मातीचा असा तिहेरी वास खोलीभर. त्यांनी एक सिगार उचलला, कानाजवळ नेला आणि अंगठा न् तर्जनी यांच्यात हळू फिरवला. वैद्य नाडी पाहतो ना, तसं. मी दारातच थांबलो. त्या खोलीत चपलेचा आवाज करणंसुद्धा पाप वाटलं.

"एकाहत्तर," ते डोळे मिटून म्हणाले. मग रुमाल काढला. काटा एकाहत्तरवर.

"हे कसं कळलं हो?" मी.

"वाळला सिगार कानाशी कुरकुरते. तुरीच्या वाळल्या पाल्यावरून मांजर चालते ना, तसा. फार ओला झाला तं बोलतच नाही, अन् दाबला तं सडक्या वांग्यावानी बसते. अन् बरोबर असला..." त्यांनी स्वतःच्याच कानाची पाळी चिमटीत धरली. "तान्ह्या पोराच्या कानाची पाळी असते ना, तशी. दाबली तं दबते, सोडली तं हळूच वापस येते."

ओल टिकवायची त्यांची युक्ती काकूंच्या फुटक्या माठातून निघाली होती. माठाची एक खापरी घासून चपटी केलेली, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायची, पुसायची, पेटीच्या कोपऱ्यात ठेवायची. खापरी हळूहळू पाणी सोडते. उन्हाळ्यात दिवसाला दोन खापऱ्या, हिवाळ्यात एक, पावसाळ्यात खापरीला सुट्टी.

"आन् ती तबकडीच खोटं बोलली तर?" मी एकदा खोचकपणे विचारलं.

ते खूश झाले. इतकी वर्षं हा प्रश्न कोणी विचारेल याची वाट पाहत असावेत. उठले, काकूंची लोणच्याची रिकामी बरणी आणली, सोडावॉटरच्या बाटलीच्या पत्री झाकणात, म्हणजे बिल्ल्यात, चिमूटभर मीठ घेतलं, त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, मीठ नुसतं ओलसर होईल एवढेच. बिल्ला आणि तबकडी बरणीत ठेवून झाकण घट्ट लावलं.

"उद्या या. ओल्या मिठाच्या बंद हवेत काटा पंच्याहत्तरवर थांबलाच पाहिजे. कमीजास्त दाखवला तं तबकडी खोटी."

"कशावरून?"

"काटाबाबू, मीठ कोणत्याच पक्षात नसते!"

दुसऱ्या दिवशी काटा पंच्याहत्तरवर. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच मिठावर संशय घेतला होता.

काकूंचा या प्रकाराला कायम विरोध होता, पण प्रेमळ. त्या उमरखेडच्या, बोलणं लवंगी मिरचीचं. "माह्या लोणच्याची बरणी उन्हात, अन् याहिच्या नवऱ्या सावलीत!" मे महिन्यात घरातली सर्वांत गार जागा, रांजणामागचा कोनाडा, पेटीला मिळायची. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायचं ते पेटीसाठी. माणसांना त्याचा गारवा लागायचा तो आनुषंगिक.

एका वर्षी पावसाळ्यात खापरीची सुट्टी साहेब विसरले. आठ दिवसांनी तीन सिगारांवर पांढरा भुरा. हा सिगारचा स्वतःचा साठलेला अर्क आहे की बुरशी, हे गावात कोण सांगणार? त्यांनी ते तिन्ही ओल्या फडक्यात गुंडाळले आणि थेट गुरांच्या डॉक्टरकडे नेले. तिथं दोन म्हशी आणि एक गोऱ्हा रांगेत. साहेब गोऱ्ह्याच्या मागे उभे राहिले. नंबर आल्यावर डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. पाच मिनिटं पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाले, "बुरशी आहे. पण खुरकत नाही." साहेबांनी मऊ ब्रशनं ती झाडली, तिघांना पंधरा दिवस वेगळ्या डब्यात ठेवलं, आणि रोज जाऊन चौकशी करत राहिले. तिघेही वाचले.

पण मुद्दा राहिला. एका रविवारी दुपारी, सगळं गाव पेंगत असताना, मी त्यांना सरळ विचारलं: "साहेब, ओढायचे नाहीत, विकायचे नाहीत, कोणाला द्यायचे नाहीत. मग आठ आठ वर्षं सिगार कशाला तपासता?"

त्यांनी अंगठ्यावरची टोपी काढली आणि अंगठा उन्हात धरला.

"सिगार कोण तपासून राह्यलं? मी हा तपासून राह्यलो."

मला काही समजलं नाही.

"पाहा, मी कापूस दाबतो अन् म्हणतो ओला. बंडी वापस जाते. मी बरोबर होतो का चूक, हे मले कोण सांगते? कोणीच नाही. बंडीवाला तं म्हणनच कोरडा आहे. म्हणजे माह्या धंद्यात पेपर सोडवाचा, पण तपासाले कोणी नाही. ह्या पेटीत उत्तर लिहून ठेवलं आहे. सकाळी अंगठ्यानं आकडा सांगाचा, मंग रुमाल काढाचा. दोनच्या वर फरक पडला नाही तं मी त्या दिवशी कापसात हात घालाले लायक."

"आणि पडला तर?"

"अजून पडला नाही," ते म्हणाले आणि टोपीची नाडी बांधू लागले.

कापूस बरा असता तर हे सगळं एका हौशी माणसाचं वेड म्हणून मी सोडून दिलं असतं. पण ती वाईट वर्षं होती. भाव बसलेला, अळी माजलेली, खासगी व्यापारी हसत हसत निम्म्यानं मागायचे. म्हणून सगळे सरकारी केंद्रावर, आणि केंद्राची रांग गेटापासून निघून कडुलिंबाला वळसा घालून आर्णीच्या रस्त्याला लागलेली. बंडीखाली चुली, बंडीवर झोप. चार चार दिवस. दुपारी सगळीकडे एक पांढुरकी गुंगी पसरायची. बैल रवंथ करताहेत, रुई हवेत तरंगते आहे, कोणीतरी झोपेत हसतं आहे, आणि त्या सगळ्या स्वप्नाच्या टोकाला एक काटकुळा माणूस डोळे मिटून मुठीत कापूस धरून उभा. त्याच्या अंगठ्यावर चाळीस घरांचं वर्ष टांगलेलं.

मग जानेवारीतला तो बुधवार आला.

त्या सकाळी मी तिथं होतो. कोरडा गार वारा सुटला होता, ओठ फुटत होते. साहेबांनी सिगार कानाशी फिरवला. "सत्तर." रुमाल काढला.

बासष्ट.

त्यांनी तबकडीवर टिचकी मारली. बासष्ट. दुसरा सिगार घेतला, तिसरा घेतला. "सत्तरच लागून राह्यला," ते पुटपुटले. मग एकदम हसले, जरा जास्तच मोठ्यानं. "तबकडी बिघडली. बरणी आण वं!"

काकूंनी बरणी दिली, पण त्या हसल्या नाहीत. बिल्ल्यात मीठ, मिठावर पाणी, तबकडी आत, झाकण बंद. उत्तर उद्या सकाळी. आणि साहेब बाही सारून केंद्रावर गेले. त्यांच्या आयुष्यातली ही एकच चूक, मंडळी. त्या दिवशी त्यांनी घरी बसायला हवं होतं.

गेटावर सकाळीच नोटीस लागली होती: गोदाम भरल्यामुळे शनिवारपासून पुढील सूचनेपर्यंत खरेदी बंद. रांगेत कुजबुज, धक्काबुक्की. अकराच्या सुमारास एक बंडी पुढं आली. बरोबर पन्नाशीची एक बाई, डोक्याला पदर घट्ट बांधलेला, आणि कासरा धरून तिचा दीर. साहेबांनी हात घातला, मूठ काढली, दाबली. नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबली.

"वापस!"

"अवो सायेब, काहून वापस?" बाई बंडीवरून उतरलीच. "पाच दिवस उन्हात घातला मी हा! घरच्या म्हातारीलेबी इतकं ऊन दाखवलं नाई!"

"ओला लागून राह्यला, बाई."

"तुमाले लागून राह्यला! शनिवारी तुमी बंद करून राह्यले. आता घरी नेऊ, वाळवू, अन् पुन्हा शेपटाले उभी राहू, तं नंबर कवा लागन माहा? व्यापाऱ्याच्या दारात टाकू का हा?"

बंडी वळली. बाई वळताना एवढंच म्हणाली, "डोळे मिटून सांगते माणूस, उघडून तं पाहा!" दिवसभरात तेवढी एकच बंडी परत गेली. बाकीचा कापूस इतका कोरडा होता की त्यावर कोणाचाही अंगठा चुकला नसता.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं बरणीभोवती बसलो. काचेपलीकडे काटा. पंच्याहत्तर. ना एक इकडं, ना एक तिकडं.

तबकडी खरी होती. म्हणजे सिगार वाळले होते, आणि अंगठ्याला ते ओले लागले होते. म्हणजे काल...

बाहेर जिनिंग सुरू झाली. रुईचा एक तंतू तरंगत आला आणि साहेबांच्या अंगठ्यावर बसला. त्यांनी तो पाहिला, पण मला वाटतं, त्यांना तो लागला नाही.

"बसून काय राह्यले?" काकू म्हणाल्या. "बाईचं गाव दोन कोसावर आहे. जा ना!"

माझ्या मोपेडवर आम्ही निघालो. मागे साहेब, मांडीवर पेटी. पेटी कशाला, हे मी विचारलं नाही. दोन्ही बाजूंना तुरीच्या शेंगा वाजत होत्या आणि कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या काळ्या काटक्या होऊन उभ्या होत्या. मध्येच एखाद्या बोंडात विसरलेला कापूस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा अंगठा टोपीशिवाय वाऱ्याला उघडा होता.

बाईचं घर गावाच्या कडेला; छपरावर विटलेला पंचशील ध्वज, अंगणभर चादरी आणि चादरींवर कापूस. आम्हाला पाहून तिनं पाठ फिरवली आणि कापूस हलवत राहिली.

"बाई," साहेब म्हणाले, "तुमचा कापूस कोरडा होता. ओल माह्या अंगठ्यात होती."

"काल काय होतं मंग? काल कोणाचा अंगठा होता?"

"माहाच."

तिनं वळून त्यांना नखशिखांत पाहिलं. "पिऊन आले का हो?" तिनं मला विचारलं.

मग साहेबांनी पेटी उघडली आणि सगळं सांगितलं. तांबडा पाव्हणा, सत्तर टक्के, खापरी, बरणी, मीठ. बाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. दीर तर आ वासून. शेवटी तिनं एक सिगार उचलला, मिरची वाळली का पाहतात तसा हलवला, आणि साहेब "हं हं" म्हणेपर्यंत कडकन मोडला.

आठ वर्षांचा सिगार.

"हा तं खडखडीत वाळला हाये," ती म्हणाली. "अन् तुमाले ओला लागला?"

"हो."

"दवाखान्यात दाखवा बोट. साखर असन. माह्या भावाचं असंच झालं, पायात काटा गेला तरी कळे ना." एवढं बोलून ती दिराकडे वळली. "पाहून काय राह्यले? भरा ना बंडी!"

आम्ही चौघांनी मिळून बंडी भरली. साहेब दोन्ही हातांनी कापूस उचलत होते. दुपारी तीनला आम्ही केंद्रावर पोचलो. नियम असा की परत आलेली बंडी रांगेच्या शेवटी. ग्रेडरनं मनात आणलं असतं तर मागच्या दारानं ती दोन मिनिटांत आत गेली असती. पण साहेब बैलांच्या पुढे चालू लागले आणि रांगेतल्या प्रत्येक बंडीपाशी थांबले. प्रत्येक! अडतीस होत्या, मी मोजल्या.

"काल मी चुकलो. हिचा कापूस कोरडा होता. हिचा नंबर कालचा, तुह्या आधीचा. जाऊ देतं का?"

"अन् शनिवारी आमचं काय?" ट्रॅक्टरवरचा एक तरुण तडकला.

"म्हणूनच विचारून राह्यलो. नाही म्हण, मी इथंच थांबतो."

तो वैतागून दुसरीकडे पाहत म्हणाला, "जा बाप्पा, जा."

"सायेब, चुकले तं चुकले, असे ढोल काहून वाजवून राह्यले?" दुसरा एक बंडीवरून वाकून कुजबुजला. "मागून घेऊन टाका ना चुपचाप."

"काल 'वापस' चुपचाप म्हटलं होतं का मी?"

पुढे एक म्हातारा भेटला. त्यानं हातच धरला. "मंग माहा बी पुन्हा तपासा. मागच्या सालचा. तोही वापस केलता तुम्ही!"

"कुठी आहे तो?"

"कुठी राहीन? इकला ना व्यापाऱ्याले!"

"मंग मी आता काय तपासू?"

"थेच तं सांगून राह्यलो!" म्हातारा म्हणाला. आजूबाजूचे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी त्या म्हाताऱ्यापुढे हात जोडले. म्हाताऱ्यानं गडबडून स्वतःचे बैल मागे घेतले. मॅनेजरांनी खिडकीतून हे सगळं पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

काट्यापाशी साहेबांनी कापसात हात घातला नाही. रांगेतल्याच तिघांना बोलावलं, त्यांच्याकडून मुठी काढवल्या. तिघंही एका आवाजात: "कोरडा!" बंडी माझ्याकडे आली. मी वजन लिहिलं.

बंडी उतरली तसे साहेब स्वतः काट्यावर चढले. पंचावन्न किलो. भाषण करायला त्यांना तीच उंच जागा मिळाली. सगळी रांग गोळा झालेली.

"ऐका," ते म्हणाले. "उद्यापासून मी कापसात हात घालणार नाही. अंगठा गेला. यवतमाळले चिठ्ठी पाठवतो, दुसरा ग्रेडर मागवतो. तो येईपर्यंत हे तिघं दाबतीन. मी घरी जाऊन राह्यलो."

इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या, त्याला निरोप कसा द्यायचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. उन्हात रुई तरंगत होती. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. साहेब काट्यावरून उतरायला लागले, आणि बाई, जी दिवसभर त्यांच्याशी धड बोलली नव्हती, ती बंडीवर उभी राहून रिकामी चादर झटकत होती, तिचे हात थांबले आणि तिच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं:

"अवो, 'मी चुकलो' म्हणणारा एकच तं ग्रेडर भेटला आमाले, अन् तोच घरी चालला!"